मातीविना आलेली गुलाबाची रोपे जगवताना
ब्रिटनमध्ये नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्या मुळांची, म्हणजे कुंडी-मातीशिवाय विकली जाणारी, गुलाबाची रोपे मिळतात आणि ती कुंडीतल्या रोपांपेक्षा स्वस्त पडतात, त्यामुळे तुम्ही अशी रोपे घेऊन सुरुवात केली असेल तर ती योग्यच आहे. मुळे वाऱ्यावर सुकू देऊ नका. लावण्यापूर्वी तास-दोन तास बादलीत भिजवा, आणि जमीन गोठलेली असेल तर तोवर कुंडीतल्या ओलसर मातीत झाकून ठेवा. लावताना मुळे पसरवा, माती पायाने हलकेच दाबा आणि भरपूर पाणी द्या, म्हणजे आत पोकळी राहत नाही. नवखी मंडळी खताची घाई करतात. खरी काळजी पहिल्या उन्हाळ्यात पाण्याची घ्यावी, कारण रिमझिम पावसाने वरची माती भिजली तरी बोट खुपसल्यावर खाली कोरडीच लागते. पालवीला उशीर झाला तर साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे, उपटू नका.