सामाईक शेतातली गंजी भावानेच पेटवली

प्रश्न : सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं सामाईक आहेत, पण तोंडी वाटणीप्रमाणे आपापला भाग कसतो. दिवाळीच्या तोंडावर रात्री माझी सोयाबीनची गंजी पेटली. थोरल्याला तिथून पळताना सालगड्याने पाहिलं. ठाण्यात एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून ‘घरचं भांडण आहे, दिवाणीत जा’ म्हणाले. भाऊ म्हणतो, ‘शेत माझंही आहे.’ काय करू?
– एक शेतकरी, औसा तालुका

उत्तर : भाऊसाहेबांना कायदा सोयीपुरता पाठ दिसतोय! भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये स्पष्टच लिहिलंय, की माल स्वतःचा किंवा सामाईक असला तरी दुसऱ्याचं नुकसान करण्याच्या हेतूने तो नासवणं हा गुन्हा आहे. शिवाय पीक तुम्ही काढलेलं.

आग लावली की प्रकरण कलम 326(च) मध्ये जातं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. जुन्या कायद्यात शेतमालाला दहा रुपयांच्या नुकसानीची अट होती, तीही आता गेली. हा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे एनसीवर बोळवण चालत नाही. एफआयआर घेत नसतील तर तक्रार लेखी करून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथेही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. गंजीलगत बी-बियाणं, खताच्या गोण्या ठेवायची शेड होती का, आणि तीही जळाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शेडही जाळायचा हेतू होता, किंवा ती जळणार हे त्याला ठाऊक होतं, असं दिसलं तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

राख उचलली नसेल तर पोलीस पंचनाम्याआधी हात लावू नका. जळकी ताडपत्री, जवळ पडलेली बाटली, जे असेल ते जागेवर राहू द्या. तलाठ्याचा पंचनामा वेगळा, तो नुकसानीच्या आकड्याला उपयोगी. आणि सालगड्याला पढवू नका. त्याने पळताना पाहिलंय, काडी ओढताना नाही. तेवढंच सांगू दे. वाढवून सांगणारा साक्षीदार उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो. आगीआधी थोरल्याने चारचौघांत धमकी दिली असेल तर ते चौघं शोधा.

आता पाहुणेरावळे बसवून ‘मिटवून टाका’ म्हणतील. मिटवा, माझी ना नाही. पण 326(च) आपसात मिटवता येणाऱ्या कलमांत नाही. समझोता झाला तरी गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातच जावं लागेल, आणि तो खर्च थोरल्याने करावा.