पंढरपूर : वारी नसताना

प्रश्न : आम्ही वारकरी नाही, परंतु आईला घेऊन पंढरपूर निवांत पाहण्याची इच्छा आहे. तिला फार वेळ उभे राहवत नाही. कधी जावे?

उत्तर : आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांचे दिवस, त्याचप्रमाणे एरवीच्याही एकादश्या टाळाव्यात. आषाढी-कार्तिकीच्या सुमारास देवाचा पलंग काढतात, म्हणजे देव निद्रा घेत नाही असे मानून दर्शन अहोरात्र चालू राहते, आणि तरीही रांग संपत नाही. आपल्या आईंसाठी मुखदर्शन, म्हणजे थोड्या अंतरावरून देवाचे मुख पाहणे, सोयीचे ठरेल. विठोबाच्या पायांवर डोके ठेवायचे असेल तर पदस्पर्शाच्या वेगळ्या, लांब रांगेला पर्याय नाही, आणि ते सुख पंढरीइतके सहज फार थोड्या देवळांत लाभते, म्हणून प्रकृती साथ देत असेल तर ते सोडू नये असे मला मनापासून वाटते.

महाद्वाराशी घाईने आत शिरू नका. तिथली पहिली पायरी नामदेवांची; तिच्यावर पाय न देता माथा टेकून पुढे जातात. समोरच चोखोबांची समाधी आहे. ज्यांना हयातीत मंदिरप्रवेश नाकारला गेला, त्या चोखोबांपुढे क्षणभर थांबल्याशिवाय पंढरपूर पाहिले असे म्हणता येणार नाही.

पुंडलिकाचे मंदिर चंद्रभागेच्या पात्रातच असल्याने पूर असताना तिकडे जाता येत नाही, आणि घाटाच्या पायऱ्या उतरताना आईंना आधार द्यावा लागेल. मार्गशीर्षात गेलात तर विष्णुपद हे मंदिरही अवश्य पाहा; त्या महिन्यात देवाचा मुक्काम तिथे असतो, अशी श्रद्धा आहे.