ताई, तुमच्या हातात काय आहे?

कॅनडातून एका ताईंचं पत्र आलंय. तिथली आठ-दहा मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी भक्तीला जमतात. संदेश देणारे काका आता कायमचे पुण्याला परतले आणि सगळ्यांनी या ताईंचं नाव पुढे केलं. त्या लिहितात, "मी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, शिक्षण नाही. चार माणसांत उभी राहिले की घसा कोरडा पडतो. देवाचं पाचारण, म्हणजे बोलावणं, असं असतं का?"

ताई, बायबलमधल्या मोशेला देवाने जळत्या झुडपातून हाक मारून आपल्या लोकांना गुलामीतून सोडवायला जा म्हटलं, तेव्हा तोही असाच एकेक अडचण सांगत राहिला. देवाने त्याला विचारलं, तुझ्या हातात ते काय आहे? होती मेंढरं राखायची काठी. तीच घेऊन त्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जायचं होतं. मग त्याने जीभ जड असल्याचं सांगितलं. देवाने त्याला वक्ता केलं नाही, बोलायला भाऊ अहरोन जोडीला दिला. हे मला फार धीर देतं. देवाची मदत पुष्कळदा माणसाच्या रूपाने येते.

पंडिता रमाबाईंचंच बघा. लहानपणी आईने त्यांच्याकडून संस्कृत पाठ करून घेतलं. पुढे दुष्काळात आई-वडील गेले, भावाबरोबर मैलोन् मैल पायी फिरावं लागलं. ते दिवस कशासाठी, हे तेव्हा कोण सांगू शकलं असतं? पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणायला त्या निघाल्या, तेव्हा भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. हिब्रू आणि ग्रीक त्या शिकल्या, त्या बायबलच्या भाषांतरासाठी. कमी शिकलेल्या बाईलाही कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता आणि छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवायचं काम तिथल्या मुली-बायका शिकल्या. 1922 साली रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं.

आता तुमच्या हातात काय आहे? तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की पहाटे तीनला घाबरून उठणाऱ्या एका आजींचा हात धरून तुम्ही बायबलमधलं तेविसावं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", मराठीत म्हणता, आणि एक शब्दही न कळता त्या शांत होतात. ताई, याहून मोठा संदेश मला तरी देता येणार नाही.

मात्र मंडळींनी टाकलेलं प्रत्येक काम पाचारण नसतं. घरी बोला, प्रार्थना करा. शरीर थकत असेल तर तसं स्पष्ट सांगा, त्यात अविश्वास नाही. मन होकार देत असेल तर सध्या तीन महिन्यांपुरतं "हो" म्हणा. पेटी, गायनं आणि मुलांचा वर्ग दुसऱ्यांकडे सोपवा. एखादा अहरोन तिथेच बसलेला असेल, त्याला हाक मारा.

पहिल्या भक्तीला तेविसावं स्तोत्रच घ्या. दहा मिनिटं पुरेत. वहीत मोठ्या अक्षरात लिहून काढा, शेजारी पाण्याचा पेला ठेवा आणि त्या आजींबद्दल, नाव न घेता, सांगा.