नावं खोडली, आता डेटा खुला करू का?

या अंकासाठी आलेले प्रश्न बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांचे आहेत: लोकांकडून गोळा केलेली माहिती वापरायची, धोरणासाठी निष्कर्ष काढायचे आणि तरीही माहिती देणाऱ्याला उघडं पाडायचं नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: मी सार्वजनिक धोरणात पीएच.डी. करते आहे. आरोग्यसेवेच्या वापराबद्दल ६१२ जणांचं सर्वेक्षण केलं. नाव, फोन, पत्ता हे रकाने काढून टाकले. फाइल आता खुल्या संग्रहात ठेवायची आहे. एवढं पुरेसं आहे ना?

नाही, आणि हे कळायला लोकांना किंमत मोजावी लागली आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विमा आयोगाने सरकारी कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या रुग्णालय-नोंदी संशोधनासाठी दिल्या. नावं काढलेली होती. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड राहिला होता. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत पदव्युत्तर संशोधक होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्यपाल विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार सहा, त्यांतले पुरुष तीन, आणि त्यांच्या झिप कोडात राहणारा एकच. राज्यपालांचे निदान आणि औषधं हाती आली.

तुमच्या फाइलमध्ये हेच शोधायचं आहे. रकान्यांच्या तीन राशी करा. पहिली थेट ओळखीची. ती तुम्ही काढलीच आहे. दुसरी आडून ओळख देणारी: वय, गाव, व्यवसाय, शिक्षण, मुलांची संख्या, वैवाहिक स्थिती. तिसरी संवेदनशील: आजार, उत्पन्न, तक्रारी. एखादा रकाना दुसऱ्या राशीत जातो का हे ठरवताना एवढंच विचारा: ही गोष्ट शेजाऱ्याला, सहकाऱ्याला किंवा कुठल्या सार्वजनिक यादीला माहीत असू शकते का? असेल, तर तो दुसऱ्या राशीत.

आता दुसऱ्या राशीतले सगळे रकाने एका नव्या रकान्यात जोडा, उदाहरणार्थ ‘३४-स्त्री-गाव७-परिचारिका-३’, आणि प्रत्येक जोडणी किती ओळींत येते ते मोजा. साध्या स्प्रेडशीटमधल्या काउंटइफने, म्हणजे जुळणाऱ्या ओळी मोजणाऱ्या सूत्राने, हे होतं. जिथे १ येईल, ती व्यक्ती एकटी उघड्यावर उभी आहे. गाव ७ मध्ये परिचारिका एकच असेल तर तिच्या नावाची गरज कुणालाच नाही. ६१२ ओळींत असे पाच रकाने ठेवले तर निम्म्याहून जास्त ओळी एकट्या निघाल्या तरी आश्चर्य मानू नका.

मग एकेक रकाना बाजूला काढून पुन्हा मोजा. ज्याला काढल्यावर एकट्या ओळी सर्वांत जास्त घटतात, तो आधी भरड करायचा. वयाचे दहा-दहा वर्षांचे गट, गावाऐवजी विभाग, ‘परिचारिका’ऐवजी ‘आरोग्य क्षेत्र’. भरड करण्याने किती फरक पडतो ते फिलिप गोल यांच्या २००६ च्या अभ्यासात दिसतं. लिंग, झिप कोड आणि पूर्ण जन्मतारीख दिली तर अमेरिकेतले सुमारे ६३ टक्के लोक एकमेव ठरतात. तारखेऐवजी महिना आणि वर्ष ठेवलं तर ४.२ टक्के, नुसतं वर्ष ठेवलं तर ०.२ टक्के. धोरणाच्या किती प्रश्नांना जन्माचा दिवस खरोखर लागतो? जवळपास एकाही नाही. तरी तो रकाना सवयीने फाइलमध्ये राहतो.

प्रत्येक जोडणी निदान ५ ओळींत यावी, हे उंबरठ्याचं नेहमीचं प्रमाण. विषय आरोग्याचा असेल तर १० च्या वर जा. प्रत्येक जोडणी निदान ‘के’ इतक्या ओळींत असणं, याला के-अनामिकता म्हणतात. शेवटी ज्या थोड्या ओळी बसत नाहीत, त्यांतला फक्त त्रास देणारा खण रिकामा करा, अख्खी ओळ काढू नका. ओळी काढल्या की विरळ गटातले लोकच अभ्यासातून गळतात आणि धोरणाला नेमके तेच दिसायला हवे असतात. हे काम करणारी मोफत साधनंही आहेत: आर या संगणकीय भाषेतलं एसडीसीमायक्रो आणि स्वतंत्र चालणारं एआरएक्स. पण पहिली मोजणी हाताने करा, म्हणजे कुठला रकाना किती धोक्याचा ते डोळ्यांना दिसतं.

फाइल पाठवण्याआधी आणखी चार जागा बघा. ‘इतर काही सांगायचं आहे का’ हा मोकळा रकाना, कारण लोक त्यात डॉक्टरचं नावही लिहितात. फॉर्म भरल्याची मिनिटासकट वेळ. ओळींचा क्रम, जो बहुधा घरांच्या क्रमानेच असतो; तो विस्कटा. आणि लपवलेली पानं. ऑगस्ट २०२३ मध्ये नॉर्दर्न आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर म्हणून दिलेल्या स्प्रेडशीटमध्ये असंच एक लपलेलं पान राहिलं आणि सुमारे साडेनऊ हजार कर्मचाऱ्यांचे तपशील जगासमोर आले. पिव्हट टेबलच्या, म्हणजे स्प्रेडशीटने बनवलेल्या सारांश-तक्त्याच्या, पोटातही मूळ डेटा जसाच्या तसा बसलेला असतो. म्हणून शेवटची प्रत साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नुसत्या मजकुराच्या फाइलमध्ये, काढा, आणि ती पुन्हा उघडून वाचा.

प्रश्न: माझ्या फाइलमध्ये प्रत्येक गटात किमान पाच जण आहेत. तरीही मार्गदर्शक ‘चालणार नाही’ म्हणतात. का?

त्या पाचही जणांच्या पुढे एकच आजार लिहिलेला आहे का ते पाहा. असेल, तर तुमच्या ओळखीची व्यक्ती त्या पाचांतली कोण हे कळायची गरजच उरत नाही. गट कळला की आजार कळला. प्रत्येक गटात संवेदनशील रकान्याची निदान दोन-तीन वेगळी उत्तरं असायला हवीत. त्यातही ‘क्षयरोग’ चार आणि ‘खोकला’ एक अशी वाटणी असेल तर काम झालेलं नाही. मार्गदर्शकांचं बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न: फोन नंबरांना हॅश केलं की ते निनावी होतात ना? दोन फेऱ्यांच्या सर्वेक्षणातली तीच व्यक्ती जोडण्यासाठी काहीतरी खूण तर हवीच.

हॅश म्हणजे ठरलेल्या सूत्राने नंबराची केलेली खूण; तीवरून नंबर थेट काढता येत नाही, पण तोच नंबर दिला की खूण तीच येते. खूण हवी हे खरं, पण नुसता हॅश कच्चा आहे. दहा आकडी नंबर जास्तीत जास्त एक हजार कोटी. त्या सगळ्यांचे हॅश काढून तुमच्या यादीशी ताडायला एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला मिनिटभरही लागत नाही. न्यूयॉर्कच्या टॅक्सी-फेऱ्यांचा २०१३ सालचा डेटा २०१४ मध्ये बाहेर आला, तेव्हा टॅक्सी-क्रमांकांना एमडी५ नावाच्या सूत्राने हॅश केलेलं होतं. शक्य क्रमांक मुळात थोडे, म्हणून ते थोड्याच वेळात उलगडले.

त्याऐवजी गुप्त किल्ली घालून हॅश करा. या पद्धतीला एचमॅक म्हणतात. किल्ली डेटाच्या फोल्डरमध्ये, कोडच्या फाइलमध्ये किंवा ईमेलमध्ये नको. ती दुसऱ्या व्यक्तीकडे, दुसऱ्या यंत्रावर ठेवा, आणि जोडणी संपली की नष्ट करून तशी तारखेसह नोंद करा. नंबरांचं रूप आधी एकसारखं करून घ्या: पुढचा शून्य, देशाचा कोड, मधली मोकळी जागा काढून टाका. नाहीतर एकाच माणसाच्या दोन खुणा तयार होतात आणि दुसऱ्या फेरीत तो ‘गळालेला’ दिसतो. किल्ली तुमच्या किंवा तुमच्या सहकाऱ्यांच्या हाती आहे तोवर युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याप्रमाणे हा डेटा तुमच्यासाठी वैयक्तिकच धरला जातो. प्रबंधात त्याला ‘निनावी’ म्हणू नका, ‘टोपणनावी’ म्हणा.

प्रश्न: मी कच्चा डेटा देतच नाही, फक्त तक्ते छापते. मग धोका कुठे उरला?

वजाबाकीत. तक्त्यात एकूण ५७, एक गट ३१, दुसरा २३ आणि तिसऱ्या खणात ‘संख्या कमी असल्याने वगळली’ असं लिहिलं, तर ती संख्या ३ आहे हे शाळकरी मूलही काढेल. एक खण झाकला की त्याच ओळीतला आणि त्याच रकान्यातला आणखी एकेक खण झाकावा लागतो, किंवा बेरजा पाचच्या पटीत द्याव्या लागतात. दोन अहवालांमध्येही हेच होतं: मार्चमध्ये ४१ जण, एप्रिलमध्ये ४०, आणि त्या महिन्यात नोकरी सोडणारा माणूस सगळ्यांना माहीत.

तक्ते वारंवार निघणार असतील तर डिफरन्शियल प्रायव्हसीचा विचार करा. सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली ही पद्धत प्रत्येक मोजणीत ठरावीक मापाची यादृच्छिक चूक मिसळते. हे माप एप्सिलॉन या आकड्याने ठरतं; तो जितका लहान, तितकी चूक मोठी. साध्या मोजणीसाठी एप्सिलॉन १ ठेवला तर शंभरातल्या ९५ वेळा चूक ३ च्या आत राहते, ०.१ ठेवला तर ३० च्या आत. म्हणजे २०,००० लोकांच्या जिल्ह्याला ०.१ सहज चालेल, ४० जणांच्या वस्तीचा आकडा मात्र निकामी होईल. हे गणित आधी करा, मग पद्धत निवडा.

सगळ्यात जास्त फसगत पुन्हा पुन्हा विचारण्यात होते. तोच प्रश्न शंभरदा विचारून दर वेळी नवी चूक मिसळली तर सरासरीत खरा आकडा वर येतो. म्हणून एप्सिलॉन खर्चाच्या रकमेसारखा वापरायचा: एकूण १ असेल तर ०.१ चे दहा तक्ते, अकरावा नाही. आणि एकदा छापलेला आकडा पुढेही तोच छापायचा.

अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत ही पद्धत वापरली, तेव्हा राज्यांची एकूण लोकसंख्या मात्र चूक न मिसळता तशीच ठेवली, कारण प्रतिनिधिगृहातल्या जागा तिच्यावर ठरतात. कुठला आकडा अचूक हवा आणि कुठला थोडा हलला तरी चालेल, हे सूत्रातून निघत नाही. ते धोरण आखणाऱ्यांसमोर बसून, एकेका तक्त्यावर बोट ठेवून ठरवावं लागतं. त्यांना एप्सिलॉन समजावत बसू नका. ‘या तक्त्यात आकडा ३० ने इकडेतिकडे झाला तर तुमचा निर्णय बदलेल का?’ असं विचारा.

प्रश्न: अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आहेत. नाव बदललं, ‘अधिकारी क्र. ४’ लिहिलं. आणखी काय करू?

पद, ठिकाण आणि काळ या तिन्हींपैकी दोनच ठेवा. ‘२०२१ मध्ये त्या शहराच्या पाणीपुरवठा विभागाचे प्रमुख’ असा माणूस एकच असतो. लकबी आणि पेटंट वाक्यंही ओळखू येतात. सहकाऱ्यांना तर पहिल्या ओळीत. जिथे बदल केला तिथे चौकटी कंसात सांगा, जसं [विभागीय अधिकारी], म्हणजे वाचणाऱ्याला काय झाकलं ते कळतं. अवतरण छापण्याआधी बोलणाऱ्याला ते वाक्य पाठवा.

प्रश्न: संमतीपत्रात ‘अभ्यासानंतर तुमचा डेटा नष्ट केला जाईल’ असं लिहिलं होतं. आता नियतकालिक डेटा मागतं आहे.

तर देता येणार नाही. वचन दिलं ते दिलं. फार तर त्या लोकांशी पुन्हा संपर्क साधून नवी संमती घ्या, आणि जे नाही म्हणतील किंवा उत्तर देणार नाहीत त्यांच्या ओळी बाहेर ठेवा. पुढच्या वेळी तीन वेगळ्या चौकटी ठेवा: सहभाग, शब्दशः अवतरण, ओळख काढलेल्या डेटाचं जतन. नष्ट काय होणार तेही नेमकं लिहा: नावांची यादी आणि ध्वनिफिती, अमुक महिन्यांत. माघारीची शेवटची तारीख छापा, कारण किल्ली नष्ट झाल्यावर कुणाची ओळ कुठली हे तुम्हालाही सापडणार नाही.