पद्मिनी बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेव

मित्रा, फोटोत चकाचक दिसणाऱ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीसाठी लगेच टोकन पाठवू नकोस, आधी आरसी माग आणि रजिस्ट्रेशनची मुदत बघ, 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं, ते राहिलेलं असेल तर नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत फेऱ्या तुलाच मारायच्यात. चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळव.

सकाळीच जा, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका असं मालकाला सांग, बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे ना बघ. मग चुंबक दाराच्या खालच्या कडेला, मडगार्डला फिरव, जिथं नीट धरत नाही तिथं जाड पुट्टी, बहुतेक आत गंज. इंजिन परत बांधता येतं रे, सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो.