उतरताना विमानाचा पंख उघडतो तो कशाला?

प्रश्न : मुलाकडं बेंगळुरूला गेलो होतो, येताना विमानानं बेळगावच्या सांबरा विमानतळावर आलो, सीट बरोब्बर पंखावर. उतरायच्या आधी कर्रर्र आवाज झाला आणि पंखाचा मागचा भाग सरकत खाली वाकायला लागला, मध्ये फटी पण दिसल्या. चाकं टेकली तर पंखाच्या पाठीवर पत्रे ताडकन उभे! बाकीचे गप्प बसलेले, खरं मी घाबरलो. हे काय असतंय?
– एक वाचक, बाळेकुंद्री

उत्तर : काका, मोडत काही नव्हतं, सगळं जागेवर होतं. खाली वाकले ते फ्लॅप, आणि आवाज त्यांना ढकलणाऱ्या यंत्रणेचा. पंखाची उचल वेगाच्या वर्गावर चालते, म्हणजे त्याच हवेत वेग निम्मा केला की उचल निम्मी नाही, पावच उरते. आणि वर ताशी ८०० किमीच्या आसपास पळणारं जेट टेकताना २५० च्या घरात आणायचं असतं! म्हणून फ्लॅप काढून पंख रुंद आणि जास्त बाकदार करतात, हवा जास्त खाली ढकलली जाते आणि कमी वेगातही विमान पेलतं. त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात, खालची हवा त्यातनं फ्लॅपच्या पाठीवर येते आणि तिथला प्रवाह पंखाला चिकटून राहतो, सुटत नाही. प्रवाह सुटला की उचल गेली, इंजिन कितीही जोरात चालू असू दे.

उभे राहिले ते स्पॉयलर, त्यांचं काम नेमकं उलटं. चाकं टेकली तरी पंख विमानाला उचलून धरतच असतो, आणि चाकांवर भार नसला तर ब्रेक धरणार कसे? स्पॉयलर उभे राहिले की उचल मोडते, वजन चाकांवर येतं. आपल्याकडं आषाढात धावपट्टी ओलीचिंब असते तेव्हा याचं मोल फार आहे.

त्यात सांबरा समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, हवा मुंबईपेक्षा विरळ, तेवढीच उचल मिळवायला वेग जास्त लागतो, त्यामुळं तेच विमान इथं टेकताना जमिनीवरचा वेग ३-४ टक्के जास्त असतो आणि थांबायला धावपट्टी पण जास्त लागते.

पंख्याच्या एटीआर विमानात मात्र टेकल्यावर हे पत्रे असे उभे राहत नाहीत, तिथं पंख्याच्या पात्यांचा कोन बदलून वेग मारतात. पुढच्या वेळी जेटमध्ये पंखाच्या थोडं मागची खिडकी मागून घ्या, टोकाजवळची एलेरॉनची पट्टी वळताना वरखाली होते ती पण तिथनं नीट दिसते.