जुन्या काळच्या हिरॉइन्सवरच्या डॉक्युमेंटरी बघायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

मी नाशिकची, त्यामुळे पहिलं नाव आपल्याच मातीतलं सांगणार, रीना मोहन यांची 'कमलाबाई' बघा. फाळके त्र्यंबकेश्वरचे हे सगळ्यांना माहितीये, पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक आहे तिथे शाळेची सहलपण जाते, पण १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती एका पुरुषाने केली होती आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याच या कमलाबाई गोखले, विक्रम गोखल्यांच्या आजी. डॉक्युमेंटरीत त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, नजर अधू झालेली, पुण्यात एकट्या राहतात, आणि बोलता बोलता जुन्या नाटकातलं काहीतरी म्हणायला लागतात तेव्हा आवाज असा काही लागतो ना की मला तर रडूच आलं.

बाहेरच्यांपैकी, म्हणजे हॉलिवूडच्या हिरॉइन्सपैकी, इन्ग्रिड बर्गमनवरची २०१५ची नक्की बघा, तिने स्वतः शूट केलेली घरातली फिल्म, डायरी, पत्रं यावरच ती उभी आहे. हेडी लमारवरची 'बॉम्बशेल' पण छान, या बाईच्या नावावर १९४२चं रेडिओ सिग्नलचं पेटंट आहे आणि लोकांनी आयुष्यभर फक्त चेहरा बघितला, मला याचा खरंच राग येतो.

नुसत्या फिल्मच्या क्लिपा जोडून वर कौतुक चिकटवलेल्या असतात त्या सोडून द्या. बाई स्वतः बोलतेय अशी शोधा.